आकड्यांचे वैद्यक : सर ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल

गेल्या वर्षी गणिताचे शिक्षक रजेवर असल्यामुळे नववीच्या वर्गावर एकदा आम्हांस जावे लागले. भाषेच्या माणसाने गणिताच्या तासाला करावयाचे काय, म्हणून सरासरीचे प्रकरण उघडून बसलो. बोलता बोलता विषय विडीकडे वळला. आमच्या निपाणी भागात तो वळावयाचाच. येथे मुलांच्या दप्तरांनासुद्धा तंबाखूचा वास असतो. तंबाखूने माणसाचे आयुष्य घटते, असे आम्ही म्हणालो मात्र, मागल्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "सर, आमचे आज्जा साठ वर्षं चिलीम ओढत होते. ब्याऐंशीव्या वर्षी बैलानं ढुशी मारली म्हणून गेले. नाहीतर अजून असते." वर्ग खदखदून हसला. आम्हीही हसलो. परंतु त्या मुलाला देण्याजोगे उत्तर त्या घटकेला आमच्यापाशी नव्हते, ही गोष्ट मनाला लागून राहिली.

त्या उत्तराच्या शोधात पुस्तके चाळीत असता ज्या गृहस्थांची गाठ पडली, त्यांचा परिचय आमच्या मासिकाच्या वाचकांस करून द्यावा म्हणून हा लेखनप्रपंच. हे गृहस्थ वैद्यकाचे पदवीधर नव्हते, आणि संख्याशास्त्राचेही नव्हते. तरीही विसाव्या शतकातील वैद्यकाला पुरावा कशास म्हणावे हे ज्यांनी शिकविले, त्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे.

ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांचा जन्म ८ जुलै १८९७ रोजी लंडनमध्ये झाला. वडील सर लिओनार्ड हिल हे नामांकित शरीरक्रियाशास्त्रज्ञ, आजोबा इंग्रजी वाङ्मयाचे अभ्यासक. वडिलांमागोमाग वैद्यकाचे शिक्षण घ्यावयाचे हे मुलाने मनाशी ठरविलेले होते. पण पहिले महायुद्ध पेटले आणि हा तरुण नौदलाच्या हवाई दलात वैमानिक होऊन एजियन समुद्राकडे गेला. तेथे १९१७ साली त्याला फुप्फुसाचा क्षय जडला. त्या काळी या दुखण्यावर औषध नव्हते. मोकळी हवा, अंथरुणावर पडून राहणे, आणि फार तर छातीत हवा भरून आजारी फुप्फुस मिटवून ठेवणे, एवढेच उपाय. आमच्याकडे मिरजेजवळच्या वान्लेसवाडीला ज्यांचे कोणी आप्त कधीकाळी राहून आले असतील, त्यांस या उपचारांचे वर्णन करावयास नको. मुलगा वाचणार नाही, असे समजूनच त्याला मायदेशी धाडण्यात आले. पुढली सुमारे चार वर्षे रुग्णालयात आणि घरी अंथरुणातच गेली.

तो वाचला. मात्र वैद्यकाचे स्वप्न संपले. पडून राहिलेल्या माणसास शवविच्छेदनाच्या टेबलापाशी कोण उभे राहू देणार? अशा वेळी वडिलांचे एके काळचे सहकारी मेजर ग्रीनवुड धावून आले. 'मेजर' हा त्यांचा लष्करी हुद्दा नसून आईबापांनी ठेवलेले नाव होते, हे सांगितलेले बरे. आमचाही प्रथम घोटाळा झाला. ग्रीनवुड स्वतः डॉक्टर, पण आकडेमोडीत रमणारे. अंथरुणात पडून जे करता येईल ते कर, असा त्यांचा सल्ला. त्यानुसार लंडन विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी हिल यांनी पत्रद्वारा अभ्यास करून १९२२ साली संपादन केली. बाहेरून परीक्षा देऊन शिकलेली कितीतरी माणसे आमच्या शिक्षकवर्गात आहेत. पत्रद्वारा शिकलेल्याकडे जे लोक काहीशा तुच्छतेने पाहतात, त्यांनी हे वर्ष ध्यानात ठेवावे.

ग्रीनवुड यांनीच पुढे मेडिकल रिसर्च कौन्सिलकडून एक लहानसे अनुदान मिळवून दिले. एसेक्स परगण्यातील खेड्यांत तरुणांचे मृत्यू इतके अधिक का, हा पहिला प्रश्न. त्याच सुमारास युनिव्हर्सिटी कॉलेजात कार्ल पिअरसन यांच्या व्याख्यानांना बसून त्यांनी संख्याशास्त्र पैदा केले. मग लँकेशायरच्या सूतगिरण्यांतील कामगारांच्या आजारपणाची पाहणी झाली. १९३३ साली लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेत ते रीडर झाले आणि १९४५ साली ग्रीनवुड यांच्यानंतर वैद्यकीय संख्याशास्त्राचे प्राध्यापक. १९६१ साली निवृत्त होईपर्यंत त्यांची संस्था तीच राहिली. 

या काळातील एक गोष्ट शिक्षक या नात्याने आम्हांस विशेष मोलाची वाटते. १९३७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांनी डॉक्टरांसाठी संख्याशास्त्रावर लेखमाला लिहिली. तिचेच पुढे पुस्तक झाले आणि १९९१ पर्यंत त्याच्या बारा आवृत्त्या निघाल्या. डॉक्टर मंडळी आकड्यांना भिणारी, आणि त्याहूनही अधिक म्हणजे स्वतःच्या अनुभवावर अढळ विश्वास ठेवणारी. 'माझ्या हाताखाली या औषधाने दहा रोगी बरे झाले' असे एकदा डॉक्टरांनी म्हटले की विषय संपे. हिल यांच्या मनात तेव्हाच एक मोठी सुधारणा घोळत होती. पण लेखमालेत तिचे नाव त्यांनी हेतुपुरस्सर टाळले. एवढ्या लवकर तो शब्द उच्चारला तर डॉक्टर बिचकून दूर जातील, म्हणून आपण तसे केले, हे त्यांनी पुढे म्हातारपणी स्वतःच लिहून ठेवले आहे. कोणता धडा कोणत्या इयत्तेत शिकवावयाचा, हे ज्याला कळते तोच खरा शिक्षक.

ती सुधारणा कोणती? आपल्याकडे भाऊबंदांच्या वाटण्या होतात तेव्हा तुकडे पाडून झाल्यावर चिठ्ठ्या टाकतात आणि एखाद्या अजाण पोराकडून त्या उचलवितात. कारण उघड आहे. वाटणारा थोरला भाऊ कितीही सज्जन असला तरी विहिरीकडचा तुकडा नकळत आपल्या लाडक्याकडे सरकविण्याचा मोह त्याला होणारच. औषधाची परीक्षा करणाऱ्या डॉक्टरचेही तसेच असते. नव्या औषधासाठी रोगी निवडावयास सांगितले तर एखादा दयाळूपणे सर्वांत खंगलेला रोगी निवडील, दुसरा यशाच्या आशेने त्यातल्या त्यात धडधाकट निवडील. मग गुण औषधाचा की निवडीचा, हे कळावयाचे कसे? तेव्हा कोणास औषध द्यावयाचे हे डॉक्टरने ठरवू नये, चिठ्ठीने ठरवावे. शेतीच्या प्रयोगांत ही पद्धत रोनाल्ड फिशर या थोर संख्याशास्त्रज्ञाने आधीच रूढ केली होती. गव्हाच्या वाफ्यांवरून ती माणसांच्या खाटांवर आणणे हे काम मात्र सोपे नव्हते.

ती संधी दुसऱ्या महायुद्धानंतर आली. अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन हे औषध निघाले होते आणि क्षयाच्या जंतूंवर ते चालते असे दिसू लागले होते. युद्धाने खंक झालेल्या इंग्लंडपाशी डॉलर नव्हते, त्यामुळे औषध मिळाले ते अगदी थोडे. साऱ्या रोग्यांना पुरणार नाही हे आरंभीच स्पष्ट होते. हिल यांचा युक्तिवाद असा की, ज्या अर्थी बहुतेकांना औषधावाचून राहावेच लागणार आहे, त्या अर्थी जे आहे ते चिठ्ठीने वाटून निश्चित ज्ञान मिळविणे हेच नीतीला धरून होईल. १९४७ च्या सुमारास हा प्रयोग झाला. दोन्ही फुप्फुसांत झपाट्याने पसरणारा क्षय झालेले १०७ तरुण रोगी निवडले. बंद पाकिटांतील चिठ्ठ्यांनी त्यांपैकी ५५ जणांस औषध व विश्रांती आणि ५२ जणांस केवळ विश्रांती अशी वाटणी झाली. क्ष-किरणाची चित्रे ज्यांनी तपासली, त्यांना कोणते चित्र कोणत्या गटातील हे सांगितलेले नव्हते. सहा महिन्यांनी औषधाच्या गटात ४ जण दगावले होते, विश्रांतीच्या गटात १४. ठळक सुधारणा पहिल्या गटातील २८ जणांत दिसली, दुसऱ्यातील केवळ चौघांत.

केवळ विश्रांतीच्या गटातील रोग्यांना आपण एका प्रयोगात आहोत याची कल्पनाही नव्हती. आज असे करता येणार नाही, आणि करूही नये. पण आम्हांस वेगळेच चित्र दिसते. तीस वर्षांपूर्वी हिल स्वतः त्या बावन्नांच्या जागी होते. निव्वळ विश्रांतीवर जगणे किंवा मरणे म्हणजे काय, हे त्या समितीत त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? 

१९४८ च्या ऑक्टोबरात हा अहवाल 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला आणि औषधांची परीक्षा घेण्याची रीतच बदलली. अहवाल एवढा प्रामाणिक होता की, औषधाचा विजय सांगतानाच त्याचे वैगुण्यही त्याने उघड केले. कित्येक रोगी प्रथम सुधारत आणि मग पुन्हा खालावत, कारण जंतू त्या औषधाला दाद देईनासे होत. दोन औषधे जोडीने देण्याचा मार्ग त्यातूनच निघाला. या रीतीचे एक फळ आपल्या देशालाही लाभले. १९५६ साली मद्रासला क्षयोपचाराचे संशोधन केंद्र सुरू झाले. तेथे ब्रिटनहून आलेले डॉ. वॉलेस फॉक्स आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी गरीब वस्त्यांतील रोग्यांची अशीच यदृच्छेने वाटणी करून काहींवर घरी, काहींवर आरोग्यधामात उपचार केले. घरच्यांच्या ताटात सकस अन्न नव्हते, झोपावयास धड जागा नव्हती. तरीही एका वर्षाअखेर त्यांचा गुण आरोग्यधामातील रोग्यांच्या जवळपास भरला आणि घरातल्या माणसांना संसर्गाचा धोकाही वाढला नाही. १९५९ साली हे प्रसिद्ध झाले. क्षयाचा रोगी घरात राहून बरा होऊ शकतो, हे आज आपण जे गृहीत धरतो, त्यामागे या चिठ्ठ्या आहेत.

आता त्या मुलाच्या आज्जांकडे येतो. आणि येताना आम्हांस थोडे अडखळावयास होते. आमचे वडील तंबाखूचे शेतकरी. आमच्या एम.ए. पर्यंतच्या शिक्षणाची फी त्या पिकाने भरली. शेंडे खुडून चिकट झालेले हात, वखारीतून उडणारा खकाणा, आईच्या मिसरीची डबी, हे आमचे बालपण. १९८१ साली भावासाठी शेतकऱ्यांनी महामार्गावर ठाण मांडले, गोळीबार झाला, माणसे गेली; तेव्हा आम्ही प्राथमिक शाळेत होतो आणि वडील रस्त्यावर होते. त्यांच्या खिशात विडीचे बंडल असेच. २००३ साली घशाच्या कर्करोगाने ते वारले. त्याच वर्षी आमच्या शाळेत 'धूम्रपानाचे दुष्परिणाम' या विषयावर निबंधस्पर्धा होती आणि विजेत्यांचे चषक एका तंबाखूच्या व्यापाऱ्याने दिले होते. ते आम्हीच आनंदाने स्वीकारले होते. तेव्हा पुढील मजकूर कोणास दोष देण्यासाठी लिहिलेला नाही, हे वाचकांनी समजून घ्यावे.

इंग्लंड-वेल्समध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने १९२२ साली ६१२ माणसे मेल्याची नोंद होती. १९४७ साली हा आकडा ९,२८७ वर गेला. कारण कोणासच ठाऊक नव्हते. मोटारींचा धूर, रस्त्यांचे डांबर यांवर अनेकांचा संशय होता. सिगारेटवर फारसा नव्हता, कारण सिगारेट सारेच ओढीत. आमच्या आईच्या पिढीत मिसरी न लावणारी बाई शोधावी लागे. जे सर्वत्र आहे त्यावर संशय कोण घेणार? हिल यांनी रिचर्ड डॉल नावाच्या तरुण डॉक्टरास हाताशी घेतले. लंडनच्या वीस रुग्णालयांतील ७०९ फुप्फुस-कर्करोगी आणि त्याच वयाचे, त्याच लिंगाचे, पण अन्य आजारांचे ७०९ रोगी यांना एकच प्रश्नावली विचारण्यात आली. कर्करोगी पुरुष ६४९ होते. त्यांत धूम्रपान न करणारे निघाले अवघे २. तुलनेच्या ६४९ पुरुषांत असे २७ होते. शिवाय दिवसाकाठी जितक्या सिगारेटी अधिक, तितके कर्करोग्यांचे पारडे जड.

प्रश्न विचारणाऱ्या बाईंना रोगाचे नाव ठाऊक होते, तेव्हा त्यांनी नकळत उत्तरे वळविली नसतील कशावरून? ही शंका हिल-डॉल यांनाही आली. योगायोगाने काही रोग्यांचे निदान प्रथम फुप्फुसाचा कर्करोग असे झाले होते आणि पुढे ते चुकीचे ठरले. प्रश्न विचारताना बाई त्यांना कर्करोगीच समजत होत्या. त्यांचे धूम्रपान तपासता ते तुलनेच्या रोग्यांसारखेच निघाले. शंका फिटली. हा दाखला वाचून एखाद्या कुशल वकिलाची उलटतपासणी ऐकल्याचा आनंद झाला. अभ्यास चालू असतानाच डॉल यांनी स्वतः सिगारेट सोडून दिली. सप्टेंबर १९५० मध्ये निबंध छापला गेला. अमेरिकेतील विंडर आणि ग्रॅहॅम यांचा तशाच आशयाचा निबंध त्याच वर्षी काही महिने आधी आला होता.

तरीही लोक मानीनात. तेव्हा हिल यांनी उलट्या दिशेने जावयाचे ठरविले. आधी रोगी शोधून त्यांचा भूतकाळ विचारण्याऐवजी, आधी माणसांच्या सवयी लिहून घ्यावयाच्या आणि मग कोण कशाने मरतो ते पाहत राहावयाचे. यासाठी त्यांनी माणसे निवडली ती डॉक्टरच! १९५१ च्या ऑक्टोबरअखेर सुमारे ५९,६०० डॉक्टरांना एक लहानसा कागद गेला. चाळीस हजारांहून अधिक उत्तरे आली. पुरुष त्यांत ३४,४३९. १९५४ साली पहिला हिशेब मांडला तेव्हा पस्तिशीपुढील पुरुष डॉक्टरांत ७८९ मृत्यू झाले होते, फुप्फुसाच्या कर्करोगाने ३६. त्या ३६ जणांत धूम्रपान न करणारा एकही नव्हता. त्याच वर्षी ब्रिटनच्या आरोग्यमंत्र्यांनी सिगारेट व कर्करोग यांचा संबंध पत्रकारांपुढे जाहीर केला. त्या बैठकीत मंत्रिमहोदय स्वतः एकामागून एक सिगारेट ओढीत होते, असे सांगतात.

सर्वांत कठोर विरोध झाला तो फिशर यांचा. ज्यांच्या शास्त्राचे पाणी हिल यांनी वैद्यकाच्या शेताला दिले, त्याच फिशर यांचा! सिगारेट ओढण्याची इच्छा आणि कर्करोग ही दोन्ही एकाच उपजत गुणाची फळे असू शकतील, असे त्यांचे म्हणणे. ते तंबाखू उत्पादकांचे सल्लागार होते आणि स्वतः पाइप ओढीत, हे खरे. पण तेवढ्यावरून त्यांचा युक्तिवाद उडवून लावणे आम्हांस पसंत नाही. माणसांच्या हाती चिठ्ठीने सिगारेट देता येत नाही, आणि चिठ्ठीवाचून कारण सिद्ध कसे होणार, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता.

हिल यांनी त्याला वाद घालून उत्तर दिले नाही. निवृत्तीनंतर, १९६५ साली, एका व्याख्यानात त्यांनी नऊ अंगांनी पाहावयाचा विचार मांडला. दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण आहे असे केव्हा म्हणावे? संबंध किती बळकट आहे, ठिकठिकाणी तोच आढळतो काय, कारण आधी व परिणाम नंतर असा क्रम आहे काय, मात्रा वाढली की परिणाम वाढतो काय, आणि कारण काढून घेतले की परिणाम ओसरतो काय, असे ते प्रश्न. यांतील एकही अटळ नियम नव्हे, हे त्यांनी आवर्जून सांगितले. लोक मात्र आज ते नियमासारखे पाठ करतात. पाठांतराचा रोग आमच्याकडेच आहे असे नव्हे. आपले ज्ञान अपुरे आहे म्हणून जे कळले आहे त्यावर कृती लांबणीवर टाकण्याची मुभा मिळत नाही, हेही त्यांनी तेथे बजावले.

मुंबईत १९५५ सालीच टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. संघवी, डॉ. राव आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी याच तुलनेच्या पद्धतीने विडी व तंबाखू चघळणे यांचा तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाशी संबंध दाखवून दिला होता. विडी ही सिगारेटपेक्षा सौम्य, हा आपल्याकडील समज पुढील अभ्यासांत टिकला नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत विडी ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सरासरी सहा वर्षांनी व बाईचे आठ वर्षांनी घटलेले आढळले. वडिलांना जाऊन पाच वर्षे झाल्यावर आलेला तो आकडा आम्ही बऱ्याच उशिरा वाचला.

ब्रिटिश डॉक्टरांची ती पाहणी पन्नास वर्षे चालली. शेवटचा हिशेब डॉल यांनी २००४ साली, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, मांडला. सिगारेट न सोडणारे इतरांहून सरासरी दहा वर्षे आधी गेले. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी त्यांतली तीन वर्षे परत मिळविली, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ, आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी जवळजवळ सारीच.

आम्ही हे सारे नववीच्या त्या वर्गाला जाऊन सांगितले. आज्जा जगले हे खोटे नाही. ३४,४३९ जणांतही तसे आज्जा होते. फक्त त्यांच्याबरोबर चिलीम ओढणारे जे साठीच्या आत गेले, त्यांची गोष्ट सांगावयास त्यांच्या घरी नववीतला नातू नव्हता. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, आमचे बाबा चव्वेचाळीसचे आहेत. त्यांना किती?" चाळीस आणि पन्नास यांच्या मधला आकडा त्याचा त्यालाच फळ्यावर काढावयास लावला.

हिल यांना १९५४ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले आणि १९६१ साली ते 'सर' झाले. पण आमच्या निवृत्त शिक्षकबंधूंना यापेक्षा दुसरीच एक गोष्ट आवडेल. क्षयामुळे लष्कराने त्या वेळी त्यांना शंभर टक्के अपंग ठरवून निवृत्तिवेतन बांधून दिले होते. हा तरुण फार दिवसांचा सोबती नाही, असाच त्यामागचा हिशेब असावा. ते निवृत्तिवेतन हिल यांनी सत्तर वर्षांहून अधिक काळ, १८ एप्रिल १९९१ रोजी त्र्याण्णवाव्या वर्षी निधन होईपर्यंत घेतले.